भाकरीच्या पिठातून लहान मुलं काय शिकतात?

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा गाळप हंगाम संपल्यावर परततात. सोबत गेलेल्या ३ ते ६ वर्षांच्या लेकरांची गावातली अंगणवाडी तेवढे महिने सुटते. चूल मात्र बरोबर असते.

कोपीसमोर आई ज्वारीची भाकरी थापत असेल तर लेकराला पिठाचा छोटा गोळा द्या. तो दाबताना, वळताना बोटांत जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. मग म्हणा, "प्रत्येकाला एक ताटली मांड." तोंडपाठ 'एक, दोन, तीन' म्हणणं सोपं, पाच माणसांसमोर पाच ताटल्या ठेवणं, हे खरं मोजणं. डाळीतले खडे वेगळे काढणं म्हणजे वर्गीकरण. आधी पीठ, मग पाणी, मग मळणं: हा झाला क्रम. हे सगळं करताना बोलत राहा, त्यातून शब्द वाढतात. (पीठ सांडणारच!) आणि मुलग्यालाही बसवा, तोही तेवढंच शिकतो.

मॉण्टेसरी पद्धतीत सोलणं, ओतणं, निवडणं ही कामं शिक्षणाचाच भाग आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरल्या.

अर्थात चूल ही अंगणवाडीची जागा घेऊ शकत नाही. मुक्कामाजवळ अंगणवाडी असेल तर तिथे चौकशी जरूर करा.

पेटती चूल, विळी आणि कोयता यांपासून मूल लांब बसवा. शेंगा सोलू द्या, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे खायला देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.