पूर्णेची वाफ, माझगावची गोदावरी

मे 1980. पूर्णा जंक्शनचा फलाट, भर दुपार, आणि लोखंडी बाक इतका तापलेला की टेकायची सोय नाही. तुम्ही 2025 सालातून आलात म्हणून इथे कुणी गार पाणी आणून देणार नाही. खिशातला मोबाईल मुकाट्याने पिशवीच्या तळाशी टाका, त्याचा उपयोग इथे आरशापुरता. समोर मीटर गेजची लाइन, पलीकडे लोको शेड, आणि शेडमधून हळूहळू मागे सरकत येणारं वायपी जातीचं काळं इंजिन. वाफेचा झोत पायाशी सुटतो आणि तुम्ही दचकून मागे होता.

शेडमधल्या फिटरला विचारा, बॉयलरला प्रेशर किती? हातातला पाना न थांबवता तो सांगेल, "पंधरा किलो धरा." म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर पंधरा किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पाण्याचा विषय काढलात तर मात्र तो हात थांबवेल आणि कुरकुरेल. पाणी जड, नळ्यांना आतून क्षार धरतो, धुता धुता जीव जातो. मराठवाड्यात बोअरचं पाणी ज्यांनी उकळलंय त्यांना हे नव्याने सांगायला नको.

तुम्हाला 15 तारखेच्या आत मुंबई गाठायची आहे. परभणी, जालना, औरंगाबाद करत गाडी रात्रभर रखडत मनमाडला लागते. तिथे सामान डोक्यावर घेऊन मोठ्या लाइनीच्या गाडीत घुसायचं. नाशिक रोड यायच्या आधी पुलाखालून गोदावरी जाते. हीच पुढे गंगाखेडच्या घाटाला लागते आणि आपण तिला गंगा म्हणतो. व्ही.टी.ला उतरून हार्बरची लोकल धरा आणि डॉकयार्ड रोडला उतरा.

माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्याच्या आत पाऊल टाकलंत की पहिल्यांदा कानाला दडे बसतात. ग्राइंडर, हातोडे, क्रेनची घंटा. ज्या फिटरच्या मागे तुम्ही उभे राहता तो सिंधुदुर्गाकडचा.

"खंयचे तुमी?"

"परभणीचा."

"परभणी? थंय दर्या आसा?"

"दर्या नाही. गोदावरी आहे."

तो वळून पाठीमागच्या करड्या पत्र्याच्या डोंगराकडे हात करतो. "मगे ही तुमचीच म्हणा."

उतारावर उभं असलेलं ते जहाज म्हणजे गोदावरी. भारतात आराखडा काढून भारतातच बांधलेली पहिली फ्रिगेट. (पाठोपाठ येणाऱ्या बहिणीचं नाव गंगा ठेवलं जाणार आहे. गंगाखेडकरांना यात काही वेगळं वाटू नये.)

15 मे. उताराच्या लाकडी वाटांना चरबी फासलेली आहे. पाचरी एकेक करून निघतात, तसतसं जहाजाचं वजन ठोकळ्यांवरून त्या वाटांवर येतं. मग क्षणभर काहीच होत नाही. नंतर ते आपणहून हलतं, मागचा भाग पुढे करून पाण्यात शिरतं, आणि टाळ्या पडतात. तुम्हीही टाळ्या वाजवा, पण तरंगणारं जहाज नीट बघा. ते पाण्यावर फारच वर आलेलं आहे, कारण त्याच्या पोटात बरंच काही यायचं बाकी आहे. वर्तमानपत्रं आजचा फोटो छापतील आणि विसरतील. खरं काम यापुढे साडेतीन वर्षं चालणार आहे आणि तिथे फोटोवाले फिरकत नाहीत. म्हणून आपण तिकडेच जाऊ.

1982. अरुंद शिडीवरून उलटं तोंड करून खाली उतरा. एक मजला, दुसरा, मग बॉयलर रूम. इथे कोळसा नाही, भट्टीत फवाऱ्याने तेल जळणार आहे. दाब विचारा. सुमारे अडतीस किलो, आणि वाफेचं तापमान साडेचारशे अंशांच्या आसपास. पूर्णेचे पंधरा किलो आठवले? एवढी गरम वाफ डोळ्यांना दिसतही नाही. सांध्यातून बारीक गळती झाली तरी नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून इथला माणूस त्या आवाजाच्या दिशेने हात पुढे करत नाही.

पाण्याची भानगड पूर्णेपेक्षाही वाईट. चहूकडे समुद्र, पण त्यातला मिठाचा अंशही बॉयलरला चालत नाही. म्हणून समुद्राचं पाणी उकळून, थंड करून गोडं पाणी जहाजावरच बनवायचं. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये गार करून तेच पाणी पुन्हा बॉयलरला द्यायचं. कंडेन्सरची एखादी नळी गळली आणि खारं पाणी आत मिसळलं की बॉयलरच्या जिवावर बेततं.

टर्बाइन मिनिटाला काही हजार फेऱ्या घेतं. प्रोपेलर त्या वेगाने फिरवला तर पाणी नुसतं फेसाळेल, जहाज पुढे सरकणार नाही. त्याला मिनिटाला दोनशेच्या आसपासच फेऱ्या हव्यात. मधलं अंतर गिअरबॉक्स कापतो. त्याचे दात केसभर जरी चुकले तरी आवाज होतो, आणि तो आवाज शत्रूची पाणबुडी कित्येक मैलांवरून ऐकते.

या जहाजाची माझ्या मते सर्वांत शहाणपणाची गोष्ट इथेच, खालच्या मजल्यावर आहे. ब्रिटिश लिअँडर जातीची निलगिरी ही फ्रिगेट माझगावनेच बांधून 1972 मध्ये नौदलाला दिली होती, लांबी 113 मीटर. नव्या जहाजावर दोन सी किंग हेलिकॉप्टरं आणि रशियन क्षेपणास्त्रं हवी होती. त्यासाठी लांबी 126 मीटरवर नेली. यंत्रसामग्री मात्र तीच ठेवली, 30,000 अश्वशक्तीची वाफेची. ती चालवणारे, उघडून बसवणारे, तिचे सुटे भाग ओळखणारे लोक आधीच तयार होते. सगळंच नवं करायचा मोह आवरला, म्हणून जहाज वेळेत उभं राहिलं.

वर मात्र सगळीच सरमिसळ. क्षेपणास्त्रं रशियन, काही रडार डच, लढाईची माहिती एकत्र करणारी संगणक यंत्रणा इटालियन, आणि पाण्याखालचे आवाज टिपणारं सोनार आपलं, कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत घडवलेलं. रशियन उपकरणांना वीज वेगळ्या दाबाची लागते, पाश्चात्त्यांना वेगळ्या. ही दोन कुळं एका ताटात जेवायला बसवणं क्षेपणास्त्र डागण्यापेक्षा अवघड होतं, आणि त्याचं श्रेय मिळालं ते फारच थोड्यांना. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या बाण्याने इथे काम चालत नाही. चाचणीत नापास झालेली केबल उपसून पुन्हा घालावी लागते.

मुंबईतल्या वाफेच्या कामाची ही परंपरा किती मागे जाते ते पाहायचं असेल तर 1841 मध्ये एक उडी मारा, इथून थोडं दक्षिणेला. मुंबईच्या गोदीतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंते म्हणून आर्देशीर करसेटजी वाडिया याच वर्षी रुजू होतात. 1833 मध्ये त्यांनी 'इंडस' या जहाजात वाफेचं इंजिन बसवलेलं आहे, आणि 1841 मध्येच ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो होतात. त्यांच्या हाताखाली गोरे साहाय्यक काम करतात. काहींच्या कपाळावरची आठी तुम्हाला दिसेल, तिकडे दुर्लक्ष करा.

आता भरभर पुढे. 10 डिसेंबर 1983, गोदावरी नौदलात दाखल. जुलै 1986, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीसाठी ती न्यूयॉर्क बंदरात. नोव्हेंबर 1988, मालदीवमध्ये उठाव फसल्यावर ओलिसांना घेऊन पळणारं 'प्रोग्रेस लाइट' हे मालवाहू जहाज ती नौदलाच्याच 'बेतवा'सह भर समुद्रात अडवते. या वेळी बॉयलर रूममध्ये उभे राहिलात तर वर काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही. इथे फक्त आकडे असतात, दाबाचे, तापमानाचे, पाण्याच्या पातळीचे, आणि ते राखण्यात घामाने निथळणारी माणसं.

23 डिसेंबर 2015, मुंबई. सूर्यास्ताला ध्वज उतरतो आणि गोदावरी निवृत्त होते.

पूर्णेची वाफ तोवर कधीच गेलेली. लाइन मोठी झाली आणि इंजिनं बदलली. नौदलाने मात्र वाफ सोडली नव्हती. गोदावरीच्याच घाटणीची ब्रह्मपुत्रा वाफेवर आली, आणि तिच्या मालिकेतली शेवटची 'बियास' 2005 मध्ये दाखल झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये या बियासची वाफेची यंत्रणा काढून डिझेल इंजिनं बसवण्याचं काम कोचीन शिपयार्डला मिळालं. करार सुमारे 313 कोटींचा, आणि आपल्या नौदलात फ्रिगेटचं असं हृदय बदलण्याची ही पहिलीच वेळ. जहाज अर्ध्या आयुष्यात उघडून पुन्हा उभं करणं हा ते बांधण्याइतकाच मोठा धंदा आहे, आणि त्याला माणसं लागतात.

आता 2025 मध्ये परत या. मनमाडला गाडी बदलायची कटकट राहिलेली नाही. परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या ज्या घरांत फिटर, वेल्डर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन होऊ घातलेली मुलंमुली आहेत त्यांना एवढं सांगा: माझगाव डॉकची स्वतःची शिकाऊ उमेदवारांची शाळा आहे. आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्यांची तिथे निवड होते. जाहिरात येते तेव्हा आपल्याकडे ती बघितलीही जात नाही, कारण समुद्राचं काम कोकणातल्या माणसाचं असं आपण धरून चाललेलो असतो. पुढच्या वेळी जाहिरात बघा आणि अर्ज भरा.