बायोप्सी रिपोर्टमधले केआय-६७, पी५३, हर-२ म्हणजे काय? मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये ते काय सांगतात?

लघवीतून रक्त जातं, पण दुखत नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरचं हे सर्वांत नेहमीचं लक्षण. गाठ दिसली की डॉक्टर दुर्बिणीतून ती खरवडून काढतात आणि तुकडे पॅथॉलॉजी लॅबकडे पाठवतात. रिपोर्ट येतो आणि त्यात एक ओळ असते, 'केआय-६७ : ४० टक्के'. घरच्यांना वाटतं, कॅन्सर ४० टक्के पसरला. पण या आकड्याचा अर्थ तो नाही.

हे मार्कर तपासतात कसे?

गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या अँटीबॉडीज टाकतात. प्रथिन असेल तिथे रंग उमटतो, बहुतेकदा तपकिरी. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणजेच आयएचसी म्हणतात. त्यातून तीन प्रश्नांची उत्तरं शोधली जातात.

१. कॅन्सर मूळचा कुठला?

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाला लागूनच असते. त्यामुळे गाठ नेमकी कशाची, असा प्रश्न कधी कधी पडतो. गाटा-३ हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरातून झालेल्या कॅन्सरमध्ये सहसा दिसतं, प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये सहसा नाही.

२. तो किती वेगाने वाढतोय?

केआय-६७ फक्त विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींमध्ये दिसतं. ४० टक्के म्हणजे गाठीतल्या १०० पेशींपैकी साधारण ४० पेशी त्या चक्रात आहेत. पी५३ हे बिघडलेल्या पेशींची वाढ रोखणारं प्रथिन. त्याच्या जनुकात दोष आला की सदोष प्रथिन पेशीत साचतं आणि रंग गडद दिसतो. कधी ते पूर्ण गायब होतं, तोही दोषच.

हे दोन्ही मार्कर आजाराच्या आक्रमकतेचा अंदाज देतात. मात्र केवळ त्यांच्यावरून उपचार ठरत नाहीत.

३. कोणतं औषध चालेल?

पीडी-एल१ वापरून कॅन्सरच्या पेशी रोगप्रतिकारशक्तीला ब्रेक लावतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी हा ब्रेक काढते. पण पीडी-एल१ कमी असलेल्या काही रुग्णांनाही तिचा फायदा होतो.

हर-२ चा निकाल ० ते ३+ असा येतो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ३+ निकाल असलेल्या, पसरलेल्या आणि आधी उपचार घेतलेल्या गाठींसाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनला मंजुरी दिली. गाठ कोणत्या अवयवाची, ही अट त्यात नाही.

नेक्टिन-४ या प्रथिनाला एन्फोर्टुमॅब वेडोटिन हे औषध लक्ष्य करतं. त्याला डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. हे प्रथिन बहुतेक रुग्णांमध्ये असल्याने औषधाआधी ते तपासण्याची अट नाही.

मग रिपोर्टमध्ये आधी काय पाहायचं?

स्टेज आणि ग्रेड. कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरलाय का, यावर उपचारांची दिशा ठरते. निदानाच्या वेळी साधारण ७० ते ७५ टक्के रुग्णांमध्ये तो स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. रिपोर्टमध्ये स्नायूचा उल्लेख 'मस्क्युलरिस प्रोप्रिया' असा असतो. नमुन्यात स्नायूच आला नसेल, तर पुन्हा एकदा दुर्बिणीतून नमुना घ्यावा लागू शकतो.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: नमुन्यात स्नायू होता का? कॅन्सर त्यात शिरलाय का? आणि या मार्करमुळे आपले उपचार बदलणार आहेत का?