खाऱ्या पाण्याची काठी आणि कोरियाचे युद्ध

फ्लाय रॉड ही पिसांची कृत्रिम माशी गळाला बांधून फेकण्याची काठी. माशीला वजन जवळजवळ नसतेच. जड दोर तिला वाहून नेतो आणि त्या दोराला वेग देते ती काठी.

उत्तम काठ्या एके काळी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील टोंकिन बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून घडत. समुद्रासाठी लांब, ताकदवान काठी हवी. पण तशी बांबूची काठी हाताला जड होई आणि तिला ओलाव्यापासून जपावे लागे.

१९५० साली चीन कोरियन युद्धात उतरला. अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि बांबूची आवक थांबली. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेल्या, ओलाव्याला न जुमानणाऱ्या फायबरग्लासच्या काठ्यांना त्यामुळे मैदान मोकळे झाले. १९७० च्या दशकात त्याहून हलक्या कार्बन तंतूंच्या काठ्या आल्या.

आज फ्लोरिडात बोनफिशसाठी साधारणतः ८ क्रमांकाची, तर बलाढ्य टार्पनसाठी ११ वा १२ क्रमांकाची काठी निवडतात. हा क्रमांक दोराच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो : ८ साठी सुमारे १३.६ ग्रॅम, १२ साठी सुमारे २४.६.

निवडणारा मासा आणि वारा पाहतो. त्याच्यासमोर बांबू का नाही, या प्रश्नाचा एक धागा मात्र कोरियाच्या रणभूमीपर्यंत जातो.