स्पॅनिश क्रियापद : वर्तमानकाळाची सहा रूपे

स्पॅनिश शब्दकोशात क्रियापद ज्या मूळ रूपात आढळते, त्याच्या अखेरीस 'आर', 'एर' किंवा 'ईर' असते. मराठीत 'बोलणे'मधील 'णे' वगळला की 'बोल' हा धातू उरतो. तसेच 'आब्लार' (बोलणे) यातील 'आर' वगळल्यावर 'आब्ल' हे अंग उरते. त्याला पुरुष व वचनानुसार प्रत्यय लागून वर्तमानकाळाची रूपे सिद्ध होतात : आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्ला (तो बोलतो), आब्लामोस (आम्ही बोलतो), आब्लाइस (तुम्ही बोलता), आब्लान (ते बोलतात). लिहिताना या शब्दाच्या आरंभी 'एच' हे रोमन अक्षर येते. उच्चारात ते मूक असते.

'कोमेर' (खाणे) हे 'एर' गटातील : कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. 'ईर' गटातील 'बिबीर' (राहणे, जगणे) याच वाटेने जाते. केवळ 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्या रूपांत ते वेगळे पडते : बिबिमोस, बिबीस. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'चे हे रूप वापरात नाही. तेथे 'उस्तेदेस' या सर्वनामासह 'आब्लान' हेच रूप योजतात.

मराठी विद्यार्थ्याला एक सवलत मिळते. 'बोलतो-बोलते' असा लिंगभेद येथे नाही. स्त्री असो वा पुरुष, 'आब्लो' एकच. प्रत्ययावरूनच कर्ता कळत असल्याने सर्वनाम बहुधा गाळले जाते.

अडचण येते ती आदरार्थी संबोधनात. 'उस्तेद' म्हणजे आपण. 'बुएस्त्रा मेर्सेद', अर्थात 'आपली कृपा', या जुन्या संबोधनाचे ते झिजलेले रूप. कृपा ही तृतीयपुरुषी, म्हणून क्रियापदही तृतीयपुरुषी. समोर बसलेल्यालाच 'महाराज काय म्हणतात?' असे विचारण्याची आपल्याकडील रीत आठवली, तर यात नवल वाटणार नाही. परिणामी 'आब्ला' म्हणजे तो, ती की आपण, हे संदर्भावाचून कळत नाही. अशा वेळी सर्वनाम घालावे. ज्येष्ठाला अनवधानाने 'आब्लास' म्हणणे म्हणजे थेट एकेरीवर येणे.

पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीयाला हा विषय अर्धा ओळखीचाच. पोर्तुगीज 'फालार' आणि स्पॅनिश 'आब्लार' यांचे लॅटिन मूळ एकच. 'कोमेर'ची लिखित रूपे तर दोन्ही भाषांत जवळपास जुळतात. फसगत होते ती 'राहणे' या क्रियापदात : पोर्तुगीजमध्ये ते 'एर' गटात मोडते, स्पॅनिशमध्ये 'ईर' गटात. त्यामुळे सवयीने 'बिबेमोस' असे चुकीचे रूप तोंडी येते.

आघाताची हेळसांड मात्र महागात पडते. 'आब्लो'मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो'. शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला'. लेखनात हा फरक अंत्य स्वरावरील एका तिरप्या रेघेने दाखवतात. एकवचनी तिन्ही रूपांत आणि 'ते'च्या रूपात आघात अंगावर असतो. 'आम्ही' व 'तुम्ही'च्या रूपांत तो प्रत्ययाकडे सरकतो. 'पेन्सार' (विचार करणे) यासारख्या क्रियापदांत आघाताखालील स्वरच बदलतो : 'प्येन्सो', पण 'पेन्सामोस'. मूळ रूपावरून हा बदल ओळखता येत नाही. म्हणून नवे क्रियापद पाठ करताना 'मी'चे रूपही सोबतच पाठ करावे.