नख उपटायचं, की नुसती कड काढायची?

रोवणीच्या दिवसांत आपण आरमोरीच्या बांध्यांमध्ये दिवसभर चिखलात उभ्या असतो. नख मऊ पडतं, बाजूची कातडी फुगते आणि अंगठ्याचं नख मांसात रुततं. हळद-तेल लावून, लंगडत, आपण रोवणी उरकतो. दवाखान्यात जात नाही, कारण रोजी बुडते आणि 'डॉक्टर अख्खं नख उपटतात' अशी धास्ती असते. ही धास्ती खोटी नाही, पण जुनी आहे.

नखाच्या मांसात ठणकणाऱ्या, पिकणाऱ्या दुखण्याला सुश्रुतसंहितेत 'चिप्प' म्हटलं आहे. गरम पाण्याने शेकून ते कापावं, असा उपाय तिथे आहे. पुढे गावोगावी न्हाव्याची नराणीच कामी आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसचे शल्यविशारद द्युपुइत्राँ कात्रीने नख मधोमध चिरत आणि दोन्ही तुकडे ओढून काढत. ईथरची गुंगी आली १८४६ साली. तोवर रोग्याने ते सारं जागेपणी सोसायचं! आणि नुसतं नख उपटलं तर मूळ राहतंच, नवं नखही पुन्हा रुतू शकतं.

दोन औषधांनी हे बदललं. १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. अंगठ्याच्या बुडाशी त्याची सुई दिली की तेवढाच अंगठा बधिर होतो. १९४५ साली ऑटो बॉल यांनी नखाच्या मुळाला फिनॉल लावण्याची रीत मांडली. फिनॉल म्हणजे कार्बोलिक आम्ल. लिस्टर यांनी १८६५ साली जखमा चिघळू नयेत म्हणून वापरलेलं, तेच हे.

आता रुतलेली कडेची पट्टी तेवढी कापतात आणि तिच्या मुळाला फिनॉल लावतात. बाकीचं नख जागेवर राहतं. बाई त्याच दिवशी घरी येते. काही आठवडे मात्र जखम कोरडी ठेवायची, पट्टी बदलायची आणि चिखलात उतरायचं नाही.

साखरेचा आजार असेल तर थांबूच नये. पू आहे पण दुखत नाही, असं असेल तर तो दिलासा समजू नका. बधिरपणा कुष्ठरोगाचंही लक्षण असतं. आरमोरीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाय दाखवा आणि विचारा, "पूर्ण नख काढणार, की नुसती कड?" नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. पाय आपलेच आहेत, बायांनो.