आज्जीचा तमाशा

आमच्या कबनूरला उरूस आला की मागांचा खडखडाट थांबायचा. एरवी शेजारच्या इचलकरंजीसारखंच आमचं गावही रात्रंदिवस खटखटणारं. त्या रात्री गडीमाणसं घोंगडी घेऊन तमाशाला जायची. आजोबा पुढच्या रांगेत, आज्जी घरात. ढोलकी तेवढी तिला माजघरात ऐकू यायची.

आजोबा म्हणायचे, "स्वातंत्र्य आलं आन् तमाशा बंद झाला!"

गोष्ट खरी होती. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडावर पोट असलेल्यांच्या चुली विझायची वेळ आली. पुढं बंदी उठली, पण अट आली : वग आधी लिहून दाखवा, मंजूर करून घ्या, मगच खेळा. आता तमाशाचा जीव बतावणीत. समोर सावकार दिसला की सोंगाड्या त्याच्यावर बोलणार, पुढारी दिसला की त्याच्यावर. ते आधी कागदावर कसं उतरायचं?

ही चाळण इंग्रजांची. १८७६ साली त्यांनी नाट्यप्रयोगांवर कायदा केला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला, तेव्हा १९१० साली ते नाटक बंद पाडलं. इंग्रज गेले, चाळण राहिली. १९७२ साली तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला परिनिरीक्षण मंडळानं बत्तीस ठिकाणी कात्री लावायला सांगितली. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. पण फडमालकानं कोर्टात कधी जायचं? त्याला उद्या दुसऱ्या गावची जत्रा गाठायची असते.

हे सगळं मी वाचलं होतं, पारावर तावातावानं बोलतही होतो. मग एका वर्षी उरुसाच्या कमिटीत मला घेतलं. कुणीतरी म्हणालं, "तमाशा नको, घरातल्या बायकांच्या कानावर वंगाळ पडतंय. पडद्यावर पिक्चर दाखवू." सगळ्यांबरोबर मीही हात वर केला.

घरी येऊन सांगितलं. आज्जी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "बायकांस्नी इचारलंसा व्हय रं? तुज्या आज्ज्यानं जन्मभर जाऊ दिलं न्हाई. आता तू तर येऊच देईनास."

मला उत्तर सुचलं नाही. सरकारची चाळण मला लांबून दिसत होती. माझ्या हातातली दिसली नव्हती.

पुढच्या साली कमिटीत भांडून तमाशा आणला. आज्जीला सोबत घेऊन गेलो. गण झाला, गवळण झाली. मावशीच्या बोलण्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. वग निम्म्यावर आला तशी उठली.

"का गं? वंगाळ वाटलं?"

"न्हाई रं. लई लांबवाय लागल्यात. चल, झोप आली."

त्या रात्री तमाशा बघायचं तिनं ठरवलं होतं, आणि उठायचंही तिनंच.