दीर्घिकांची शिरगणती

सारावसुलीकरितां केलेली मोजणी पुढें इतिहासकाराच्या उपयोगीं पडते, हा अनुभव नवा नाहीं. आकाशाच्या मोजणीचेंही असेंच झालें आहे. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधि ताऱ्यांचे समूह, विश्वांत कोठें कोठें आहेत हें टिपण्यास ज्यांनीं आरंभ केला, त्यांच्यापुढें न्यूट्रिनोचें वजन करण्याचा प्रश्न नव्हता. तरी आज तसल्याच टिपणांवरून तें वजन ठरविलें जात आहे. हें कसें घडलें, तें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दीर्घिका जितकी दूर तितकी ती अधिक वेगानें दूर जाते, असें १९२९ सालीं हबल या ज्योतिर्विदानें दाखविलें. त्यामुळें वर्णपटांतील रेषा तांबड्या बाजूस किती सरकल्या यावरून अंतर काढण्याची वाट मोकळी झाली. परंतु एकेका दीर्घिकेचा वर्णपट घेणें हें मोठ्या चिकाटीचें काम होतें. १९८६ मध्यें द लापारां, गेलर व हुक्रा या तिघांनीं अमेरिकेंत सुमारें ११०० दीर्घिकांचा नकाशा प्रसिद्ध केला. दीर्घिका वाटेल तशा विखुरलेल्या नसून, फेंसांतील बुडबुड्यांच्या पापुद्र्यांप्रमाणें मांडलेल्या आहेत, असें त्यांत दिसलें.

१९९८ हें वर्ष या इतिहासांत दुहेरी महत्त्वाचें आहे. विश्वाचा विस्तार वाढत्या वेगानें होत आहे, असें दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून दोन स्वतंत्र मंडळांनीं दाखविलें. त्यामागील अज्ञात कारणास 'कृष्ण ऊर्जा' हें नांव पडलें. त्याच वर्षीं जपानांतील सुपर-कामिओकांडे येथें न्यूट्रिनो वाटेंत आपली जात बदलतात याचा पुरावा मिळाला. आणि वजन असल्यावांचून असें बदलणें संभवत नाहीं.

हीं दोन्ही कोडीं दीर्घिकांच्या नकाशांत एकत्र आलीं. विश्वाच्या बाल्यावस्थेंत तप्त वायूंत ध्वनीसारख्या लहरी उठल्या होत्या. त्यांची खूण म्हणून आजही सुमारें ५० कोटि प्रकाशवर्षांच्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या किंचित् अधिक आढळतात. २००५ सालीं ही खूण स्लोन व 'टू-डीएफ' या दोन पाहण्यांत सांपडली. हा आयता गजच झाला. निरनिराळ्या काळीं तो केवढा दिसतो, यावरून कृष्ण ऊर्जेचें वर्तन ताडतां येतें. न्यूट्रिनो मात्र इतके चपळ कीं ते गुरुत्वाच्या लहान खळग्यांत ठरत नाहींत. म्हणून त्यांचें वजन जितकें अधिक, तितका लहान अंतरांवरील दीर्घिकांचा गोतावळा विरळ होतो.

अ‍ॅरिझोनांतील किट पीक येथें 'डेसी' हें यंत्र २०२१ पासून ५००० तंतूंनीं एकाच वेळीं प्रकाश टिपूं लागलें. मार्च २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या फलांत १ कोटि ४० लाखांहून अधिक दीर्घिका व क्वेसार आहेत. इतर पुराव्यांची जोड दिली असतां, कृष्ण ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी, असा इशारा त्यांतून मिळतो. उलट ती स्थिर मानून विश्वाच्या आद्य प्रकाशाशीं मेळ घातला, तर तीन न्यूट्रिनोंच्या वजनांची बेरीज ०.०६४ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी भरते. आणि न्यूट्रिनोंच्या रूपांतराचे प्रयोग तर ती निदान ०.०५९ असली पाहिजे असें सांगतात. दोहोंमधील फट फारच अरुंद उरली आहे. कृष्ण ऊर्जा बदलती धरिली कीं ती रुंदावते.

तेव्हां एका कोड्याचें उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे. हा इशारा अद्यापि सिद्धतेच्या पायरीस पोंचलेला नाहीं, म्हणून आम्ही निकाल देण्याची घाई करीत नाहीं. परंतु एवढें खास कीं, ११०० दीर्घिका एकेक करून मोजणारांचे कष्ट वायां गेले नाहींत. त्यांनीं मांडलेल्या जमाखर्चांत आज पै-पैचा फरक शोधला जात आहे.